कासुकाबे फास्ट

शिनचॅन आमच्या घरात तीन वर्षं बंद होता. केबलवाल्याचा त्यात काही दोष नाही, बंदी माझी होती. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला माझ्या पाच वर्षांच्या मुलाने शेजारच्या काकूंना, भुवया वरखाली करत, शिनचॅनच्या त्या ठरावीक घोगऱ्या-लाडिक हिंदीत विचारलं, तुम्हाला शिमला मिर्च आवडते का. वाक्यात वावगं एक अक्षर नाही. पण सूर असा, की तिळगूळ घेऊन उभ्या असलेल्या सात-आठ बायका आधी गप्प झाल्या, मग एकदम हसल्या, आणि त्या हसण्यात माझ्या संस्कारांचं जे काही व्हायचं ते झालं. त्या रात्री रिमोट पोळ्यांच्या डब्यामागे गेला.

मी काही जगावेगळं केलं नव्हतं. २००६ साली हंगामा टीव्हीवर हिंदीत सुरू झालेला हा कार्टा २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून केंद्र सरकारनेच घराबाहेर काढला होता. पुढच्या वर्षी तो कात्री लागून परत आला. खुद्द जपानमध्ये पालक-शिक्षक संघटनेच्या पाहण्यांत, मुलांना दाखवू नयेत अशा कार्यक्रमांत त्याचा नंबर वर्षानुवर्षं वरचा होता. आणि गंमत अशी की मुळात तो मुलांसाठी नव्हताच. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये तो काढायला घेतला तो मोठ्या माणसांच्या एका चित्रकथा-साप्ताहिकात. आईबापांची फजिती आईबापांनीच वाचून हसावं, एवढाच बेत. मुलं दाराच्या फटीतून आत शिरली.

माझ्या घरातही शिनचॅन असाच फटीतून शिरला. २०२० च्या टाळेबंदीत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून ठाण्याचं ऑफिस चालवत होते. बाहेरच्या खोलीत आजोबा-नातू टीव्हीसमोर. दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं होतं, तेव्हा मी समजत होते की दोघं ते बघतायत. आवाज बारीक होता, तो माझ्या मीटिंगसाठी असेल असं वाटलं. पंधरा दिवसांनी पाणी प्यायला उठले तर पडद्यावर शिनचॅनचं नोहारा कुटुंब जेवायला बसलेलं, आणि बाबा मांडीवर हात ठेवून, पूर्वी रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे तसे एकाग्र.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अगं, या माणसाचं घराचं कर्ज बत्तीस वर्षांचं बाकी आहे. बत्तीस! आपलं सगळं मिळून पंधरा होतं."

या माणसाचं म्हणजे हिरोशी नोहाराचं. शिनचॅनचा बाप. वय पस्तीस, टोकियोतल्या फुताबा शोजी नावाच्या कंपनीत कारकुनापेक्षा एक पायरी वर, मूळ गाव उत्तरेकडच्या आकिता प्रांतातलं. बायको मिसाए दक्षिणेकडच्या कुमामोतोची. दोघं भेटली टोकियोत आणि घर घेतलं टोकियोबाहेर, कारण आत परवडलं नाही. राजापूरचा मुलगा, साताऱ्याची मुलगी, नोकरी फोर्टात आणि बिऱ्हाड डोंबिवलीत. या हिशेबात मला जपानी असं काही दिसेना.

मग मी नकाशा काढून बसले. हे माझं नेहमीचं. ज्याच्यावर चिडते त्याचा पत्ता शोधते. शिनचॅनचं कासुकाबे हे खरं गाव आहे. टोकियोच्या उत्तरेला, साइतामा प्रांतात. तोबू कंपनीच्या रेल्वेवर, आसाकुसा या टोकियोतल्या टोकाच्या स्टेशनापासून ३५.३ किलोमीटर. सीएसएमटीपासून ठाणे जवळपास तेवढंच, डोंबिवली अठ्ठेचाळीसच्या घरात. म्हणजे अंतराने ठाणे, पण स्वभावाने अस्सल डोंबिवली. तिथे रेल्वे आली १८९९ मध्ये; आपली बोरीबंदर-ठाणे गाडी तिच्या सेहेचाळीस वर्षं आधीची, एवढा मान आपल्याकडे राहू द्या. १९६० च्या दशकात राजधानीत मावेनाशी झालेली माणसं तिकडे गेली, ताकेसातो नावाची अजस्र वसाहत उभी राहिली. त्याच सुमारास आणि पुढेही गिरगाव-दादरच्या चाळींतून माणसं ट्रंका घेऊन डोंबिवलीला उतरत होती. बाबा १९७४ मध्ये उतरले.

कासुकाबे सखल भाग. पावसात तुंबणारा. त्यावर त्यांनी केलं काय, तर जमिनीखाली पन्नास मीटर खोल, ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खणला, आणि त्याच्या तोंडाशी ५९ प्रचंड खांबांची एक पाण्याची टाकी बांधली. २००६ मध्ये काम पुरं झालं. तिची छायाचित्रं पाहिली तर हेमाडपंती देवळाचा सभामंडप वाटतो. त्याच्या एक वर्ष आधी, २६ जुलै २००५ ला, मी ठाण्याहून डोंबिवलीला रुळांतून चालत आले होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघते, पुढे काही म्हणत नाही.

उसुई स्वतः लहानपणापासून याच गावात वाढले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. पैशांअभावी शिक्षण सोडून ते दुकानांत लावायच्या जाहिराती बनवणाऱ्या एका कंपनीत लागले होते. सवलतीच्या पाट्या, भावाचे फलक. त्यांची रेघ जाडसर, सरळ, लांबून कळणारी का, याचं उत्तर मला तिथे मिळतं. ज्याने बटाट्याचा भाव लोकांच्या नजरेत भरवला आहे, त्याला पाच वर्षांच्या पोराचा फुगरा गाल एका वळणात काढता येणारच. हिरोशीच्या कंपनीचं नावही उसुईंनी आपल्या प्रकाशकाच्या नावावरून घेतलं. चित्रकथा छापणारी संस्था फुताबाशा, नोकरी देणारी फुताबा शोजी. मालकाला असं हळूच कथेत ओढणारा लेखक मला आपल्या गोटातला वाटतो. सप्टेंबर २००९ मध्ये ते एकटेच आराफुने डोंगरावर गेले आणि कड्यावरून पडून वारले. एक्कावन्न वर्षांचे होते.

त्याआधी पाच वर्षं, २००४ मध्ये, शहराच्या पन्नाशीनिमित्त कासुकाबेने नोहारा कुटुंबाची खास रहिवासी म्हणून नोंद केली. स्टेशनात गाडी सुटताना मालिकेतल्या गाण्याची धून वाजते. नसलेल्या माणसांना पत्ता देणारं गाव! आपल्याकडे असलेल्या माणसांना रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला किती खेपा पडतात, हे आठवून मी हसले.

बंदी अर्थातच उठली. उठली कसली, बाबांनी मोडली.

त्यानंतरची गोष्ट चित्रपटांची. दूरचित्रवाणीवर शिनचॅन आला एप्रिल १९९२ मध्ये आणि पहिला चित्रपट १९९३ मध्ये. तेव्हापासून एका वर्षाचाही खाडा नाही. करोनाच्या वर्षी एप्रिलचा चित्रपट सप्टेंबरवर गेला, पण आला. पूर्वी वसंतात यायचे, आता उन्हाळी सुट्टीत येतात. मराठी माणसाला हे समजवायला एकच शब्द पुरे आहे, दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला आणि आपल्याला सवय लावली की वर्षातून एकदा, ठरल्या वेळी, नेहमीच्याच नावाखाली काहीतरी नवं आणि जाडजूड हातात पडणार. अंक चांगला निघो की भरताड, घरात तो येतो. तिथल्या आईबापांचंही तसंच. ज्यांना बापाने बोट धरून नेलं, तेच आता आपली पोरं नेतात.

हे चित्रपट बनतात कसे, तर भिशीसारखे. एकटा कुणी पैसे घालत नाही. पुस्तक छापणारी फुताबाशा, चित्रं करणारी शिन-एइ अॅनिमेशन (डोरेमॉनही यांचाच), दाखवणारी टीव्ही आसाही आणि जाहिरात कंपनी एडीके, असे चार जण मिळून मंडळ करतात; थिएटरांत पोहोचवायचं काम तोहोचं. यात मेख अशी, की जाहिरात हा नंतरचा खर्च राहतच नाही; ती सुरुवातीपासून पंक्तीला बसलेली असते. वाहिनी आपल्याच चित्रपटाचा डांगोरा आपल्याच मालिकेतून पिटते, प्रकाशक पुस्तकं काढतो, जाहिरातवाले खाऊच्या वेष्टनांवर तोंडं छापून आणतात, पहिल्या आठवड्यात तिकिटाबरोबर मुलांच्या हातात काहीतरी खेळणं पडतं. मला हे कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं. मग आठवलं, दिवाळी अंकातली दंतमंजनाची आणि पतपेढ्यांची पानं काढून टाकली तर कथा छापायला पैसे कुठून आले असते?

चित्रांचं कामही वाटून घेतलेलं. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात, पण जपानी हात चोवीस चित्रं काढत बसत नाही. एकेक चित्र तीन चौकटी धरून ठेवतो, म्हणजे सेकंदाला आठ. मुरलेला चित्रकार हालचालीची मोक्याची टोकं काढतो. मधली चित्रं नवी मुलं भरतात. शिनचॅन ज्या मस्तवाल चालीने चालतो, ती चाल मला या काटकसरीतूनच आलेली वाटते. मला यात आमच्या आईची शिकवण दिसते: वाण्याकडून जे आलं त्यातच चव आणायची.

शिनचॅन भारतात येतो त्या चित्रपटाकडे मी पुढे येतेच, पण जो मला खरोखर सांगायचा आहे, तो हा नाही. तो २००१ चा, नववा, केइइची हारा यांनी दिग्दर्शित केलेला. मोठ्या माणसांच्या साम्राज्याचा उलटवार, असं काहीतरी त्याचं नाव होतं. कासुकाबेजवळ एक जत्रा उघडते, विसाव्या शतकाची. मोठ्यांच्या लहानपणच्या मालिका, खेळणी, गाड्या, १९७० चं ओसाकाचं जागतिक प्रदर्शन, सगळं तिथे पुन्हा उभं केलेलं. आईबाप तिथे जायला लागतात, मग जास्त वेळ थांबायला लागतात, आणि एके दिवशी घरी येणंच बंद करतात. त्यांना धरून ठेवतो तो एक वास. गेलेल्या दिवसांचा वास. गावात उरतात फक्त मुलं.

हे मी बघितलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते, मुलगा झोपला होता आणि मी इस्त्री करत होते. शिनचॅन बापाला शोधून काढतो. बाप लहान मुलगा झालेला, रडतोय, त्याला प्रदर्शनातून घरी जायचं नाही. आणि त्याला शुद्धीवर आणायला पोरगा करतो काय, तर बापाचाच बूट काढून त्याच्या नाकावर धरतो. हिरोशीच्या पायांचा घाण वास हा मालिकेतला कायमचा विनोद. त्या वासाबरोबर पुढची काही मिनिटं पडद्यावर कुणी बोलत नाही. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला मुलगा. मग तो मोठा होतो, शहरात येतो, बोलणी खातो, गर्दीच्या गाडीत उभा राहतो, उन्हात वणवणतो, लग्न होतं, मूल होतं, रात्री दार उघडतं आणि आत दिवा असतो. बूट म्हणजे हे सगळं.

इस्त्री मी तशीच उभी करून ठेवली.

आमच्या दारामागे, चपलांच्या स्टँडवर, सगळ्यात खालच्या फळीला बाबांचे काळे बूट असायचे. पावसाळ्यात त्यांच्यात वर्तमानपत्राचे बोळे. आई त्यांना हात लावू द्यायची नाही, आधी आंघोळ झाली असेल तर. त्या बुटांना मुंब्र्याच्या खाडीवरून आलेल्या वाऱ्याचा, डब्याच्या दारात तासभर एका पायावर उभं राहिल्याचा, घामाचा, लोखंडाचा वास होता. डोंबिवलीला तशी वासांची वाण नाही. एमआयडीसीकडून वारा सुटला की खिडक्या लावायच्या, हे आम्ही चालायच्या आधी शिकलो. ज्या गावात २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तिथे नाकाला विचारतो कोण. पण तो बुटांचा वास वेगळा होता. तो आला की सव्वाआठ वाजलेले असायचे आणि बाप घरी आलेला असायचा.

मी एकदा हिशेब केला होता. रोजचे अडीच तास, वर्षाचे तीनशे दिवस, तीस वर्षं. साडेबावीस हजार तास. म्हणजे माझे बाबा रात्रंदिवस धरून अडीच वर्षांहून जास्त काळ लोकलमध्ये उभे होते. बसले असतील त्यातले फार थोडे. चौथ्या सीटला मी बसणं म्हणत नाही.

हिरोशीचा आवाज होते केइजी फुजिवारा. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीत ते बारीक आवाजातले खेळ चालले होते त्याच दिवसांत, ते वारले. पंचावन्नाव्या वर्षी. आमच्याकडे हिरोशी हिंदी बोलायचा, त्यामुळे बाबांना त्यांचा आवाज कधी ऐकू आलाच नाही.

आवाजांचं हे प्रकरणही मजेचं आहे. पाच वर्षांच्या त्या वात्रट पोराला जपानमध्ये १९९२ पासून २०१८ पर्यंत आकिको याजिमा यांनी आवाज दिला, नंतर युमिको कोबायाशी देतात. आपल्याकडे टीव्हीवरच्या हिंदी शिनचॅनचा आवाज म्हणून आकांक्षा शर्मा ओळखल्या जातात. म्हणजे आईच्या जिवाला घोर लावणारं कार्टं दोन्ही देशांत बाईनेच वठवलं. मोठ्या पडद्यावर मराठी मात्र ते बोलत नाही. थिएटरात हे चित्रपट येतात ते जपानी, हिंदी, तमिळ, तेलुगूत. डोंबिवलीचा मुलगा घरी मराठी, शाळेत इंग्रजी बोलतो आणि वात्रटपणा हिंदीत करतो, आणि त्याला तीनतीन भाषा येतात याचं आपण कौतुक करतो. मला ते कौतुकाचं वाटत नाही. ज्या भाषेत मूल उर्मटपणा करू शकत नाही, ती भाषा त्याने अजून आपली म्हटलेली नसते.

१२ सप्टेंबर २०२५ ला, सकाळी सव्वानऊला ठाण्याला उतरले तर प्लॅटफॉर्मवर हिरव्या-काळ्या चौकडीचे झगे घातलेली चार-पाच कॉलेजची मुलं उभी होती. एकाच्या कमरेला तलवार. रेल्वे पोलिसाने ती हातात घेऊन वाकवून पाहिली, पुठ्ठ्याची निघाली. 'डेमन स्लेअर'चा नवा चित्रपट त्या दिवशी लागला होता आणि ही पोरं पहाटेचा खेळ बघून परत चालली होती. पहाटेचा खेळ म्हणजे आमच्या लेखी गणपतीची काकडआरती किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवरची दिवाळीची सकाळ. दोन तास पस्तीस मिनिटांचा चित्रपट, तीन भागांतला पहिलाच, कल्याणहून पहिल्या-दुसऱ्या गाडीने येऊन बघायचा, म्हणजे भक्ती आहे. याच मालिकेचा २०२० चा चित्रपट आगगाडीत घडतो. राक्षस गाडीतल्या सगळ्या प्रवाशांना झोपवतो, गोड स्वप्नं दाखवतो आणि खायला बघतो. मुलाने कथा सांगितली तेव्हा मला प्रश्न पडला की यात अद्भुत ते काय. कळव्यापासून मुलुंडपर्यंत आमच्या लेडीज डब्यात, मेथीची जुडी मांडीवर तशीच धरून, निम्म्या बायका हेच करत असतात.

आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, २६ तारखेला, नवरात्रात, शिनचॅनचा बत्तिसावा चित्रपट आपल्याकडे लागला. हा भारतातच घडणारा. जपानमध्ये तो ऑगस्टमध्ये आला होता. दिग्दर्शक मासाकाझू हाशिमोतो. या गृहस्थांनी नोहारा कुटुंबाला २०१५ मध्ये मेक्सिकोला नेलं (हिरोशीची बदली होते, बदली हा शब्द ऐकून बाबा खुर्चीत सरळ झाले होते), २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाला, आणि आता भारतात. जपानी नावात 'कारेइ' असा शब्द आहे. अर्थ झगमगीत, देखणं, आणि कानाला लागतो 'करी'सारखा. श्लेष सगळीकडे पोटातूनच निघतो.

जपानी पेन्सिलीने भारत काढला जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. आमच्या पिढीचा मोगली जपानी होता; निप्पॉन अॅनिमेशनची ती मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी यायची आणि हिंदीत शेरखान बोलायचा तो आपल्या नाना पाटेकरांच्या आवाजात. युगो साको यांनी राम मोहन यांना बरोबर घेऊन रामायण काढलं. ते २०२५ च्या जानेवारीत पुन्हा थिएटरांत लागलं तेव्हा बाबा म्हणाले, लक्ष्मणाचे डोळे फार मोठे आहेत, पण भाव बरोबर आहे. २०१२ च्या डिसेंबरात तर 'सूरज' नावाची मालिका आली होती, मुंबईच्या झोपडपट्टीतल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलाची, जपानच्या एका जुन्या बेसबॉलच्या चित्रकथेवरून बेतलेली. ती फार कुणाला आठवत नाही.

तर रविवारी सकाळी आम्ही तिघं कल्याणला गेलो. खेळ एकच होता, सकाळचा. बाबा एकोणऐंशीचे, मुलगा तेराचा, त्यामुळे शिनचॅन बघायला जातोय हे कुणाला सांगायचं नाही असं त्याने आम्हाला बजावलं होतं. रविवारची डाऊन गाडी, बसायला जागा. बाबा खिडकीशी बसले आणि ठाकुर्लीपर्यंत बाहेर बघत राहिले. नोकरीच्या तीस वर्षांत या दिशेला त्यांना कधी कामच पडलं नव्हतं. मल्टिप्लेक्सच्या दारात शिनचॅनचा पुठ्ठ्याचा पुतळा होता, माझ्या खांद्याएवढा. तेरा वर्षांच्या गृहस्थांनी आजूबाजूला बघून घेतलं आणि घाईघाईने त्याच्याबरोबर फोटो काढला.

गोष्ट अशी. कासुकाबेची बालवाडीतली टोळी नाचाची स्पर्धा जिंकते आणि भारतात येते. तिथल्या एका दुकानात शिनचॅन आणि बो-चान एक नाकाच्या आकाराची पाठपिशवी घेतात. त्या पिशवीतला एक कागद बो-चानच्या नाकात जातो आणि तो अघोरी शक्ती आलेला हुकूमशहा होतो. बो-चान म्हणजे टोळीतला सगळ्यात गप्प मुलगा. सदा नाकाला शेंबडाची लोळी, वेगवेगळे दगड गोळा करायचा छंद, दिवसाला चार वाक्यं. त्याला काय हवं, काय खुपतं, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

भारताबद्दल सांगायचं तर नाच आहे, गाणी आहेत, रंग आहेत, मसाला आहे. हिंदी सिनेमाने जगाला जो भारत विकला तोच आम्हाला जपानी गिफ्ट पेपरात गुंडाळून परत मिळाला. बाबांनी कानाशी येऊन विचारलं, "हे गाव कुठलं?" मी म्हटलं, सिनेमातलं. त्यांनी मान डोलावली आणि पॉपकॉर्न खाल्ले. मधली वीस मिनिटं मला कंटाळा आला, हे कबूल करते. ज्या माणसांनी कासुकाबेच्या गल्लीतली विजेची तार आणि मिसाएचा गॅलरीत वाळत घातलेला पलंगपोस इतक्या मायेने काढला, त्यांना आपल्याकडच्या एकाही गॅलरीकडे बघावंसं वाटलं नाही. कल्याण-शीळ रस्ता काढा म्हणत नाही मी. पण एखादी बादली, एखादा तुळशीचा डबा?

पण बो-चान गर्जायला लागला आणि मी सावरून बसले. हा मुलगा मी पाहिला होता. २००५ साली निशिकांत कामतच्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये. तिथे त्याचं नाव माधव आपटे होतं, संदीप कुलकर्णी होता तो, बँकेत कारकून, रोजची तीच गाडी, तोच डबा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि एक दिवस तो हातात बॅट घेतो. तेव्हा डोंबिवलीत लोक थिएटरात टाळ्या वाजवत होते आणि घरी येताना गप्प होते. गप्प माणसाच्या आत काय साठलंय हे त्याच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिनचॅनची टोळी तर बो-चानचे जिवलग मित्र, तरी त्यांना हा आपला बो-चान वाटेना. हाशिमोतोंनी 'डोंबिवली फास्ट' पाहिला असेल असं मी अजिबात म्हणत नाही. उपनगरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट आपोआप सुचते. जिथे सगळ्यांना एकमेकांची गाडीची वेळ पाठ असते आणि बाकी काही माहीत नसतं, तिथे ती दर मजल्यावर एक घडत असते.

मी बाबांकडे पाहिलं. ते बो-चानकडे बघत नव्हते. पडद्याच्या एका कोपऱ्यात हिरोशी होता, ते त्याला बघत होते.

त्याच ऑक्टोबरपासून जपानमध्ये हिरोशीची स्वतःची मालिका सुरू झाली, त्याच्या दुपारच्या जेवणाची. ऑफिसच्या सुट्टीत तो कुठे काय खातो, एवढाच विषय. मुलाने ही बातमी सांगितली तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "डबा नेत नाही का?" तिने तीस वर्षं पहाटे पाचला उठून डबा भरला, तिच्यावर मालिका निघणार नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

खेळ सुटल्यावर आम्ही कल्याण स्टेशनात आलो. स्लो गाडीला अजून वेळ होता. बाबा बाकावर बसले, मुलगा फोनमधला तो फोटो पुसावा की ठेवावा या विचारात. जरा वेळाने बाबांनी विचारलं, "त्याचं कर्ज किती राहिलं रे आता?"

"कुणाचं?"

"हिरोशीचं."

"बत्तीस वर्षांचंच, आजोबा. तो पस्तिशीचाच आहे ना अजून."

"१९९२ पासून?"

"हो."

बाबांनी काही उत्तर दिलं नाही. इंडिकेटरवर गाडीची वेळ आली, आम्ही उठलो.

आमच्या घराचं कर्ज बाबांनी १९८४ मध्ये घेतलं आणि १९९९ च्या मे महिन्यात फेडलं. शेवटच्या हप्त्याची पावती घेऊन ते त्या दिवशी नेहमीपेक्षा एक गाडी आधी घरी आले होते, आणि येताना त्यांनी फडके रोडवरून पाव किलो पेढे आणले होते.